चिकूचा चीक, दुधातलं कॅल्शियम आणि दातांची डागडुजी

दोन वर्षांनी भाचीच्या दातांच्या तारा निघाल्या. दात सरळ झाले होते, पण तारेचे चौकोनी तुकडे जिथे चिकटवलेले होते, त्यांच्या कडेकडेने खडूसारखे पांढरे डाग उरले होते. डॉक्टरांनी हवेचा फवारा मारून दात सुकवला, तसा डाग आणखीच उठून दिसायला लागला. "ही अजून कीड नाही," ते म्हणाले, "पण कीड लागते ती इथूनच. आत्ता लक्ष दिलं तर भरून येईल."

"च्युइंगम खाऊन भरून येतं का? मी वाचलंय तसं," भाचीने विचारलं. तिच्या आईने कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "थोडंफार," म्हणाले.

त्या 'थोडंफार'मध्ये पन्नासेक वर्षांचं संशोधन आहे. ते समजून घ्यायचं तर आधी तो पांढरा डाग म्हणजे काय, हे पाहायला हवं.

दाताचं सर्वांत बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने पाहिलं तर त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. उरलेलं पाणी आणि थोडी प्रथिनं. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपटाइट, थोडक्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, दाटीवाटीने रचलेले. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरते, कारण तिथे जिवंत पेशी कामाला असतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात, नंतर त्या नाहीशा होतात. घर बांधून झालं आणि गवंडी कायमचे गावाला गेले, असा हा प्रकार. त्यामुळे एनॅमलचा तुकडा उडाला किंवा त्याला खड्डा पडला, तर तो पुन्हा उगवत नाही. च्युइंगमने तर नाहीच नाही.

पण खड्डा पडण्याच्या आधी एक बराच लांब टप्पा असतो. ॲसिडमुळे एनॅमलच्या पृष्ठभागाखालचं खनिज थोडं थोडं विरघळतं, आतून तो भाग सच्छिद्र होतो आणि वरची पातळ पापडी बरीचशी शाबूत राहते. तोच तो पांढरा डाग. तो पांढरा का दिसतो, हे वडापाव खाणाऱ्याला समजावणं सोपं आहे. वडे गुंडाळलेला कागद जिथे तेलाने भिजतो तिथे पारदर्शक होतो आणि कोरडा राहतो तिथे पांढराच दिसतो. कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत हवा असली की प्रकाश अडखळत, विखुरत जातो. तिथे तेल भरलं की तो सरळ पार होतो. एनॅमलचंही तेच. निरोगी एनॅमलमध्ये पोकळ्या जवळजवळ नसतात. डागात त्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डॉक्टरांनी फवारा मारला तेव्हा पाण्याची जागा हवेने घेतली आणि डाग ठळक झाला. या पोकळ्यांत पुन्हा खनिज भरायचं, म्हणजे स्फटिक जिथून झिजले तिथे त्यांना परत वाढू द्यायचं. 'एनॅमल मजबूत करणारं च्युइंगम' असं म्हटलं जातं, त्याचा खरा अर्थ एवढाच आहे. नवीन थर चढवणं वगैरे काही नाही, झिजलेल्या जागी भर घालणं.

आता ही भर घालणारा मूळ कारागीर कोण? तर आपली लाळ. लाळेला आपण उगीच कमी लेखतो. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दाताच्या हिशेबाने ती जवळजवळ साखरेच्या पाकासारखी असते. पक्क्या पाकात आणखी साखर टाकली तर ती विरघळत नाही, उलट कडेला खडीसाखर धरायला लागते. तसं शांत तोंडात दात विरघळत नाही, झालं तर थोडं खनिज त्याच्यावर परतच बसतं. पण आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू त्या साखरेचं ॲसिड करतात. ॲसिड आलं की हिशेब फिरतो. तेवढंच कॅल्शियम असूनही तो पाक आता पातळ ठरतो आणि दात त्यात उतरायला लागतो. हे साधारण पीएच ५.५ च्या खाली घडतं. (शुद्ध पाण्याचा पीएच ७, आकडा जितका खाली तितकं ॲसिड जास्त.) १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरच्या थरातला पीएच मोजून त्याचा आलेख काढला. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत तो अजूनही त्याच्याच नावाने ओळखला जातो. काही मिनिटांतच पीएच धाडकन खाली येतो आणि मूळपदावर यायला अर्धा ते एक तास घेतो. दिवसातून तीनदा जेवलात तर हे तीनदा. दर तासाला गोड चहा आणि बिस्किट असेल, तर दात दिवसभर ॲसिडमध्येच उभा. तारा लावलेल्या दातांवर ब्रश नीट पोहोचत नाही, म्हणून डाग त्या चौकोनांच्या कडेनेच येतात.

च्युइंगमचा पहिला उपयोग इथे येतो, आणि माझ्या मते मोठा उपयोगही हाच. चघळायला लागलं की लाळ वाढते. पहिल्या काही मिनिटांत स्वस्थ बसलेल्या तोंडाच्या जवळपास दहापट, मग चव ओसरली तरी दुप्पट-तिप्पट. वाढलेल्या लाळेत बायकार्बोनेटही जास्त असतं, म्हणजे आपल्या खायच्या सोड्याचाच भाऊबंद. ते ॲसिड मारतं. स्टीफनच्या आलेखातली खोल दरी त्यामुळे लवकर भरून येते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बिनसाखरेच्या च्युइंगमच्या पाकिटावर दातांतलं खनिज टिकवायला मदत होते असं छापायला परवानगी आहे, पण खाल्ल्यानंतर किमान २० मिनिटं चघळा, हे सांगण्याच्या अटीवर. वीस मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा. बहुतेक जण चव गेली की चौथ्या-पाचव्या मिनिटाला गम थुंकून मोकळे होतात.

अट अर्थातच 'बिनसाखरेचं' ही. साखरेचं च्युइंगम म्हणजे वीस मिनिटं जिवाणूंची पंगत. साखरेऐवजी मग सॉर्बिटॉल, झायलिटॉल यांसारखे गोड पदार्थ घालतात. यांतल्या झायलिटॉलची गोष्ट फिनलंडची. १९७० च्या दशकात तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांचे गट करून एका गटाला दोन वर्षं जवळजवळ सगळी साखर झायलिटॉलच्या रूपात दिली. त्या गटात नव्याने किडलेले दात अगदीच कमी निघाले. दात किडवणाऱ्या जिवाणूंना झायलिटॉलपासून ॲसिड करताच येत नाही. त्यानंतर काही काळातच, १९७५ मध्ये फिनलंडमध्ये झायलिटॉलचं च्युइंगम दुकानांत आलं.

इथपर्यंतचं सगळं म्हणजे झीज थांबवणं. भर घालायची तर? उत्तर कुणालाही सुचेल: च्युइंगममध्ये कॅल्शियम आणि फॉस्फेट घाला. आणि इथेच संशोधकांचं घोडं अडलं होतं.

कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं एकमेकांशी फार जमतं. साध्या पाण्यात दोन्ही पुरेशा प्रमाणात एकत्र आले की लगेच हातात हात घालून पांढरा साका होऊन तळाला बसतात. तोंडात तसं झालं तर जिभेवर खडूची भुकटी घोळते आणि दाताला काही मिळत नाही. दाताच्या पापडीतून आत शिरायचं तर खनिज विरघळलेल्या, सुट्या रूपात हवं. फार सुटं ठेवलं, तर लाळेबरोबर घशाखाली जातं. म्हणजे कॅल्शियम च्युइंगममध्ये घालणं ही अडचण नव्हतीच. अडचण होती ती त्याला धरून ठेवण्याची आणि नेमक्या जागी, नेमक्या वेळी सोडण्याची.

हा पेच निसर्गाने फार आधी सोडवलेला आहे, रोज सकाळी आपल्या दारात येणाऱ्या पिशवीत. दुधात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की साध्या पाण्यात ते क्षणभरही टिकलं नसतं. तरी दुधाच्या तळाशी साका बसत नाही. कारण केसिन. दुधातलं हे प्रथिन कॅल्शियम-फॉस्फेटचे अगदी बारीक कण आपल्या गुंडाळीत धरून ठेवतं, त्यांना एकत्र येऊन मोठं होऊ देत नाही. दुधाचा पांढरा रंगही बराचसा याच गुंडाळ्यांमुळे. आणि गंमत पाहा, दूध विरजलं, ॲसिड वाढलं की या गुंडाळ्यांतलं खनिज सुटं होतं आणि दह्यावरच्या निवळीत उतरतं. ज्या सुमाराच्या आंबटपणाला दाताचं एनॅमल विरघळायला लागतं, त्याच सुमाराच्या आंबटपणाला केसिनही हातातलं कॅल्शियम सोडून देतं. म्हणजे चोर आला की आपोआप उघडणारी तिजोरी. फक्त आतला माल चोराला नाही, घरमालकाला मिळणार.

मेलबर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागातले एरिक रेनॉल्ड्स यांचं काम याच धाग्याला धरून उभं राहिलं. दुधाचे पदार्थ खाल्ल्याने दात का टिकतात, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यांच्या गटाने केसिनचे विकराने (एन्झाइमने) तुकडे केले आणि त्यांतले कॅल्शियम धरून ठेवणारे तुकडे वेगळे काढले. या तुकड्यांवर फॉस्फेटचे गट ओळीने, जवळजवळ चिकटलेले असतात. कॅल्शियम पकडायच्या आकड्याच त्या. या तुकड्यांनी वेढलेल्या, अजून स्फटिक न झालेल्या कॅल्शियम फॉस्फेटला सीपीपी-एसीपी म्हणतात आणि बाजारात ते 'रिकॅलडेंट' या नावाने ओळखलं जातं. हे कण दातांवरच्या चिकट थरालाही धरून राहतात. जिवाणूंनी ॲसिड सोडलं की तिथल्या तिथे कॅल्शियम आणि फॉस्फेट मोकळं होतं आणि पाक पुन्हा घट्ट होतो. या कामासाठी २०१७ मध्ये रेनॉल्ड्स यांना ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचा नवनिर्मितीचा पुरस्कार मिळाला.

आपल्या लाळेतही अशी प्रथिनं आहेत जी कॅल्शियम-फॉस्फेटचा साका होऊ देत नाहीत. लाळ आणि दूध दोघांनी एकच युक्ती वापरावी, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वाटतं.

जपानमध्ये वेगळी वाट काढली गेली. एझाकी ग्लिको या कंपनीने बटाट्याच्या स्टार्चपासून फॉस्फेट असलेल्या छोट्या शर्करा वेगळ्या केल्या, त्यांना कॅल्शियम जोडलं आणि 'पॉस्का' नावाचं च्युइंगम काढलं. दुधाऐवजी बटाटा, पण काम तेच: कॅल्शियमचा साका होऊ द्यायचा नाही.

आता हे च्युइंगममध्ये घालायचं कसं? मुळात च्युइंगम म्हणजे काय, तर न विरघळणारा रबरासारखा गोळा आणि त्यात मळलेली विरघळणारी भुकटी. या गोळ्याचा इतिहास आपल्या ओळखीच्या झाडापाशी जातो. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला चिकू अर्धा कच्चा असताना सोलला की बोटांना पांढरा चीक लागतो आणि साबणानेही पटकन सुटत नाही. चिकूचं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथे त्याच्या खोडाला तिरक्या खाचा पाडून चीक गोळा करत, आटवत आणि चघळत. एकोणिसाव्या शतकात न्यू यॉर्कच्या थॉमस ॲडम्सने त्याच चिकाचं च्युइंगम विकायला सुरुवात केली. आज बहुतेक च्युइंगममध्ये चिकाऐवजी कृत्रिम बहुवारिकं (पॉलिमर) असतात, पण स्वभाव तोच. आपल्याकडे झाडाच्या रसालाही चीक म्हणतात आणि नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या दुधालाही, ज्याचा आपण खरवस करतो. चिकूचा चीक आणि दूध असे एका च्युइंगममध्ये भेटावेत, हा मराठीपुरता एक गोड योगायोग.

कारखान्यात हा गोळा गरम करून, मोठ्या पात्यांच्या यंत्रात कणकेसारखा मळतात आणि त्यात गोडी, स्वाद मिसळतात. उष्णता न सोसणारं काही असलं तर ते अगदी शेवटी किंवा बाहेरच्या कवचात. रबर पाण्याला दूर ठेवतं, म्हणून पाण्यात विरघळणारे पदार्थ चावताना पहिल्या काही मिनिटांतच पिळून बाहेर येतात, तर पुदिन्यासारखे तेलकट स्वाद आतच रेंगाळतात. कॅल्शियम बाहेर यायला हवं, पण एका दमात नाही. शिवाय फळांच्या स्वादाचं च्युइंगम चटकदार व्हावं म्हणून त्यात सायट्रिक ॲसिड घालायचा मोह असतो. दात भरायचं औषध द्यायचं आणि वर लिंबू पिळायचं! (या जोडीवरही प्रयोग झाले आहेत. सायट्रिक ॲसिड असूनही सीपीपी-एसीपीने खनिज भरलं, पण मला विचाराल तर पुदिनाच बरा.)

हे खरंच काम करतं का, हे पाहण्याची पद्धत तर फारच मजेशीर. एखाद्याच्या तोंडातला दात कापून बघता येत नाही. म्हणून काढून टाकलेल्या दातांच्या एनॅमलच्या छोट्या चकत्या घेतात, प्रयोगशाळेत त्यांत मुद्दाम पांढरे डाग तयार करतात आणि टाळूला बसेल अशा कवळीसारख्या पट्टीत त्या बसवतात. ही पट्टी तोंडात घालून स्वयंसेवक च्युइंगम चघळतात: दिवसातून चार वेळा, दर वेळी २० मिनिटं, १४ दिवस. मग चकत्या काढून केसाच्या जाडीइतके पातळ काप करतात आणि त्यांची एक्स-रे छायाचित्रं घेऊन खनिज किती भरलं ते मोजतात. कुणालाच, अगदी संशोधकालाही, कोणत्या पाळीत कोणतं च्युइंगम आहे ते ठाऊक नसतं, आणि तीच माणसं पुढच्या पाळीत दुसरं च्युइंगम चघळतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नच्या अभ्यासात साध्या बिनसाखरेच्या च्युइंगमच्या तुलनेत १८.८ मिलिग्रॅम सीपीपी-एसीपी असलेल्याने १०२ टक्के, तर ५६.४ मिलिग्रॅम असलेल्याने १५२ टक्के जास्त खनिज भरलं.

हे आकडे पाहून डोळे दिपतात, म्हणून लगेच दुसरा अभ्यास सांगतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मेलबर्नच्या शाळांतल्या २,७२० मुलामुलींनी दोन वर्षं रोज तीनदा, दहा-दहा मिनिटं च्युइंगम चघळलं. निम्म्यांच्या च्युइंगममध्ये ५४ मिलिग्रॅम सीपीपी-एसीपी होतं, निम्म्यांचं साधं बिनसाखरेचं. एक्स-रेवर पाहिलं, तर दोन दातांच्या मधल्या फटीतली कीड वाढण्याची शक्यता दुधाच्या च्युइंगमवाल्यांत १८ टक्क्यांनी कमी होती. प्रयोगाच्या चकतीवर १५२, शाळकरी पोरांच्या खऱ्या तोंडात १८. डॉक्टरांचं 'थोडंफार' बहुधा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असावं. आणि ध्यानात घ्या, ज्याच्याशी तुलना केली ते साधं च्युइंगमही लाळ वाढवून आपलं काम करतच होतं. मूळ कारागीर लाळच. केसिन तिच्या हाताखालचा बिगारी.

म्हणूनच फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा दात घासणं याची जागा च्युइंगम घेत नाही. फ्लोराइड वाढत्या स्फटिकात शिरून तो भाग ॲसिडला आणखी दाद न देणारा करतं, आणि त्यामागचा पुरावा कितीतरी जुना आणि भक्कम आहे. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असणाऱ्यांनी सीपीपी-एसीपीच्या वाटेला जाऊ नये. दुधातली साखर पचत नाही एवढीच तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. सॉर्बिटॉल-झायलिटॉल फार झालं तर पोट बिघडतं. जबड्याचा सांधा दुखत असेल तर वीस मिनिटांचा नाद सोडावा. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं पाकीट सोफ्यावर ठेवू नका. माणसाला निरुपद्रवी असलेलं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर इतकी खाली आणतं की जिवावर बेतू शकतं.

च्युइंगमवर नाक मुरडणाऱ्या सिंगापूरचाही एक किस्सा. रस्त्यावर, गाड्यांच्या दारांवर चिकटवलेल्या गोळ्यांना कंटाळून त्या देशाने १९९२ मध्ये च्युइंगमच्या विक्रीवर बंदी घातली. २००४ मध्ये ती थोडी सैल केली, ती निकोटिन सोडवणाऱ्या आणि दातांसाठीच्या च्युइंगमपुरती. तेही दंतवैद्याकडून किंवा औषधविक्रेत्याकडून घ्यायचं.

भाचीच्या डागांचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी फ्लोराइडचं वार्निश लावलं, पेस्ट बदलून दिली, दर तासाचं खाणं बंद करायला सांगितलं. बिनसाखरेचं च्युइंगम तिने स्वतःच सुरू केलं, दुपारच्या डब्यानंतर, मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावून. सहा महिन्यांनी डाग बरेच फिके दिसत होते. "बघ, च्युइंगमने झालं," ती आईला म्हणाली. तिने एक पाळी साध्या च्युइंगमची, एक दुधाच्या च्युइंगमची आणि एक नुसती तोंड मिटून काढायची, कोणतं काय ते न कळता, असं मी सुचवून पाहिलं. तिसऱ्या पाळीला ती तयार नव्हती.